अडाण्यांवरचा आळ

ज्याला कमी येतं त्याला आपल्याला कमी येतं हेही कळत नाही, आणि म्हणून तोच सर्वांत जास्त छाती काढून चालतो, हे विधान आता आपल्याकडे सिद्ध झालेल्या नियमासारखं उच्चारलं जातं. व्यवस्थापनाच्या शिबिरात, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, निवडणुकीच्या निकालानंतरच्या चर्चेत, अगदी घरातल्या भांडणातही. सोबत एक आलेख असतो. डावीकडे आत्मविश्वासाचा उंच सुळका, त्याला 'मूर्खपणाचं शिखर' असं नाव. मग खोल दरी. मग ज्ञानी माणसाचा संथ चढ. आलेखाखाली दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची नावं असतात, डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' हे आपल्या आज्या सांगत होत्या तेच विज्ञानाने दाखवून दिलं, असं वक्ता म्हणतो आणि सभागृह माना डोलावतं.

मी मान डोलावणार नाही. ज्या रूपात हे विधान वापरलं जातं त्या रूपात ते खोटं आहे, आणि त्याचा मार ज्यांना पिढ्यानपिढ्या गप्प बसवलं गेलं त्यांच्यावरच पडतो. हा वाद मला झाशीच्या मानिक चौकाच्या साक्षीने घालायचा आहे. कुणाची कुवत किती, आणि ती ठरवायची कुणी, हा प्रश्न तिथे एकदा दप्तरातल्या कागदांवर आणि मग तोफांनी लढला गेला.

पण आधी मूळ शोधनिबंध पाहू. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विनोदाची पारख, तर्क आणि इंग्रजी व्याकरण यांच्या चाचण्या दिल्या, आणि बरोबरीच्या विद्यार्थ्यांत आपण कुठे बसू याचा अंदाज करायला सांगितलं. शंभरांच्या रांगेत खालून १२व्या जागी असलेल्या गटाने स्वतःला सरासरीने ६२व्या जागी बसवलं. हे आकडे खरे आहेत. शिखर आणि दरी असलेला तो आलेख मात्र त्या निबंधात कुठेही नाही. तिथल्या आलेखांत अंदाजाची रेघ जवळजवळ आडवी आहे, शेवटाकडे जराशी चढणारी. शेवटच्या गटाने स्वतःला जी जागा दिली ती पहिल्या गटाने स्वतःला दिलेल्या जागेच्या खालचीच आहे. कमी येणाऱ्यांनी आपण जास्त येणाऱ्यांच्या वर आहोत असा दावा केलेला नाही. त्यामुळे 'अडाणी माणूस सर्वांत आत्मविश्वासू' हे वाक्य त्या निबंधातून निघूच शकत नाही. नंतर कुणीतरी काढलेलं चित्र दोन संशोधकांच्या नावावर चिकटलं, आणि शिकल्यासवरलेल्या लोकांनी ते न तपासता पुढे पाठवलं. अज्ञानाविषयीचा धडा अशा रीतीने पसरावा याची मला खरोखर खंत वाटते.

त्याच निबंधाचा दुसरा अर्धा भाग तर कुणी सांगतच नाही. शेवटच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना तर्काचं थोडं प्रशिक्षण दिलं, आणि त्यानंतर स्वतःच्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहायला लावल्या. ज्यांचा अंदाज फार फुगलेला होता त्यांनी तो आपण होऊन खाली आणला. थोडंसं शिकवल्यावर आपली चूक दिसू लागते, आणि माणूस ती मान्यही करतो, हा केवढा दिलासा देणारा निष्कर्ष आहे! आपण तो टाकून दिला आणि टोमण्यापुरता भाग ठेवला.

आता त्या १२ आणि ६२ या आकड्यांकडे येऊ. मानिक चौकातल्या शंभर दुकानदारांची हिशोबाची परीक्षा घेतली असं धरा. गुणांप्रमाणे त्यांना खालून वर १ ते १०० असे क्रमांक द्या. त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज त्यांना विचारूच नका. टोपलीत १ ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका आणि प्रत्येकाच्या नावाने एकेक उचला. शेवटच्या २५ जणांचा खरा क्रमांक सरासरीने १३ येईल. त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्यांची सरासरी मात्र ५०च्या आसपास असेल. कागदावर असं दिसेल की या बिचाऱ्यांनी स्वतःला भलतंच वर चढवलं. पहिल्या २५ जणांचा खरा क्रमांक सरासरीने ८८, त्यांच्याही चिठ्ठ्या ५०च्याच आसपास. कागदावर दिसेल की हे फार विनयशील आहेत. चिठ्ठीला ना अहंकार असतो ना विनय. जो तळाशी आहे त्याला चुकायला वरच जागा आहे, आणि जो माथ्यावर आहे त्याला खालीच. गणिताच्या या गुणधर्माला आपण माणसांच्या स्वभावाचं नाव दिलं.

यात एकच गोष्ट मिळवा. बहुतेक माणसं सोप्या वाटणाऱ्या कामात स्वतःला सरासरीपेक्षा जरा बरं समजतात. १९८१ साली ओला स्वेन्सन यांनी वाहनचालकांना विचारलं तेव्हा अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के चालकांनी आपलं कौशल्य मधल्या चालकापेक्षा वरचं असल्याचं सांगितलं. ही सवय सर्वांचीच. तिला अडाणी-शहाणा भेद नाही. चिठ्ठ्यांची सरासरी ५०वरून साठीत सरकवली की १९९९च्या निबंधातलं चित्र बरंचसं हाती येतं. योआखिम क्रूगर आणि रॉस म्युलर यांनी हा आक्षेप २००२ सालीच घेतला होता. पुढे एडवर्ड नुहफर आणि सहकाऱ्यांनी यदृच्छेने निवडलेले आकडे वापरून तसेच आलेख काढून दाखवले; प्रत्यक्ष माणसांची माहिती तपासल्यावर त्यांना दिसलं की नवखे आणि जाणकार दोघेही वर आणि खाली सारख्याच वारंवारतेने चुकतात, फक्त जाणकारांच्या चुका लहान असतात. २०२० साली जील झिन्याक आणि मार्चिन झायेनकोव्स्की यांनी ९२९ लोकांच्या बुद्धिमापनावर अधिक काटेकोर पद्धती लावल्या. त्यांना तो गाजलेला परिणाम जवळपास सापडला नाही.

डनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आक्षेपांना उत्तरं दिली आहेत. मोजमापातला गोंधळ वजा केला तरी काही शिल्लक उरतं, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि काही कामांपुरतं ते मला पटतं. व्याकरण न येणाऱ्याला स्वतःच्या वाक्यातली व्याकरणाची चूक दिसणार कशी? तेवढं खरं आहे. आणि डनिंग यांच्या बाजूने हेही नोंदवलं पाहिजे की आपला निष्कर्ष दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी नसून प्रत्येकाने स्वतःकडे पाहण्यासाठी आहे, हे ते आवर्जून सांगत आले आहेत. माझं भांडण त्या निबंधाचा चाबूक करणाऱ्यांशी आहे.

चाबूक उगारणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. माणसाचा स्वतःच्या कुवतीबद्दलचा अंदाज आणि प्रत्यक्ष कामगिरी यांचा संबंध किती घट्ट असतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं आहे. १९८२ साली मेब आणि वेस्ट यांनी पाहिलं, २०१४ साली झेल आणि क्रिझान यांनी कितीतरी मोठ्या प्रमाणावर पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर ०.२९च्या आसपास आलं. पूर्ण मेळ असता तर तो आकडा १ झाला असता. याचा अर्थ, माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक असतो त्यातला जेमतेम आठ टक्के भाग त्यांच्या स्वतःबद्दलच्या अंदाजाशी जुळतो. हे सगळ्यांचं झालं, खालच्यांचं आणि वरच्यांचंही. शिकून पदवी घेतल्याने यातून सुटका होत नाही. २००६ साली डॉक्टरांच्या आत्मपरीक्षणावरच्या अभ्यासांचा एक आढावा अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरच्या परीक्षकांनी दिलेले गुण यांच्या २० तुलनांपैकी १३ ठिकाणी संबंध फारच कमी होता, नव्हताच, किंवा उलटा होता.

याच्या विरुद्ध टोकाला हवामानाचा अंदाज सांगणारे लोक आहेत. ॲलन मर्फी आणि रॉबर्ट विंकलर यांनी सत्तरच्या दशकात त्यांची खातरी तपासली. पावसाची शक्यता ३० टक्के असं ते ज्या दिवशी म्हणत, अशा शंभर दिवसांपैकी तीसेक दिवशी पाऊस पडलेला असे. हे लोक डॉक्टरांपेक्षा जास्त नम्र किंवा जास्त बुद्धिमान होते असं मानायला आधार नाही. त्यांनी आज सांगितलेल्याचं उत्तर आभाळ उद्या सकाळी देतं, रोज देतं, आणि त्यात कुणाची भीड धरत नाही. डॉक्टरांकडून उठून गेलेला रोगी बरा झाला, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, की दगावला, हे पुष्कळदा कळतच नाही. मानिक चौकातल्या कापडवाल्याला आपला भाव चुकला हे गिऱ्हाईक पायरी उतरतानाच समजतं. कामाचं उत्तर किती लवकर आणि किती प्रामाणिकपणे परत येतं, त्यावर माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज घडतो. डोक्यातल्या अकलेपेक्षा या येण्याजाण्याच्या वाटेचा वाटा मला फार मोठा दिसतो.

मग ही वाट कुणाची बंद असते? ज्याच्यासमोर लोक खरं बोलत नाहीत त्याची. आणि ते नेहमी अडाणी नसतात.

मानिक चौक म्हणजे झाशीच्या जुन्या शहरातली गजबजलेली बाजारपेठ. तिला लागूनच राणीमहाल आहे. रघुनाथराव नेवाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेला हा दुमजली वाडा. आज तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. राज्य खालसा झाल्यावर किल्ला सोडावा लागला तेव्हा लक्ष्मीबाई इथे राहायला आल्या. बाजाराच्या आवाजात वसलेल्या या वाड्यात, ज्या बाईला तुझ्या हाती राज्य देता येत नाही असं सांगितलं गेलं होतं, ती तीन वर्षं राहिली.

तिच्या कुवतीविषयी त्या वेळी कोण काय म्हणालं होतं? २० नोव्हेंबर १८५३ला तिचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव यांनी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांच्या देखत दत्तक घेतला, आणि आपल्या पत्नीच्या हयातीत कारभार तिच्याकडे असावा अशी विनंती केली. दुसऱ्या दिवशी ते गेले. ग्वाल्हेरचे पोलिटिकल एजंट माल्कम यांनी हा मजकूर कलकत्त्याला कळवला. दत्तकाच्या हक्काबद्दल त्यांचं मत काहीही असो, राणीबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिलं की ती लोकांत अत्यंत आदराला पात्र आहे आणि ही जबाबदारी पेलायला समर्थ आहे. कंपनीच्याच अधिकाऱ्याचा, कंपनीच्याच दप्तरातला हा अभिप्राय आहे. २७ फेब्रुवारी १८५४च्या टिपणात गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा करण्याचा निर्णय नोंदवला. राणीला महिना ५,००० रुपयांचा तनखा ठरला. तिच्या कुवतीचा अभिप्राय दप्तरात राहिला आणि निर्णयाला त्याने काडीचाही फरक पडला नाही.

यानंतर झाशीचा कारभार पाहायला जे आले ते प्रशिक्षित होते, अनुभवी होते, त्यांच्याकडे कागदपत्रं आणि हेर होते. कॅप्टन स्कीन हे तिथले सुपरिंटेंडेंट. मीरत आणि दिल्लीच्या बातम्या आल्यावरही, १८५७च्या मे महिन्यातल्या त्यांच्या पत्रांचा सूर असा होता की या भागात घाबरण्याचं कारण नाही. ५ जूनला छावणीतल्या फौजेने उठाव केला. ८ जूनला, किल्ल्यात आसरा घेतलेले इंग्रज बाहेर आल्यावर, जोखनबागेत त्यांची कत्तल झाली. स्कीनही त्यात गेले. ते भयंकर होतं आणि त्याचं समर्थन मी करत नाही. पण त्या आलेखाच्या भक्तांना विचारतो, स्कीनना तुम्ही कुठल्या टोकाला बसवाल? त्यांच्याकडे ज्ञान कमी नव्हतं. त्यांना मिळणारं प्रत्येक उत्तर हाताखालच्या माणसाच्या तोंडून येत होतं, आणि हाताखालच्या माणसाला साहेबाला काय ऐकायला आवडेल ते ठाऊक होतं, असं माझं मत आहे. सत्ता जितकी वर, तितकी उत्तराची वाट लांब आणि तितकी ती गुळगुळीत.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. झाशीत एकही इंग्रज अधिकारी उरला नाही तेव्हा सागरचे कमिशनर अर्स्किन यांनी २ जुलै १८५७ला राणीला पत्र पाठवलं, की सरकारी अधिकारी येईपर्यंत जिल्ह्याचा कारभार तुम्ही सांभाळा, महसूल गोळा करा, पोलीस ठेवा. तीन वर्षांपूर्वी राज्य तिच्या हाती देणं ज्यांनी नाकारलं, त्याच सरकारने गरज पडताच तिच्या हाती आख्खा जिल्हा दिला. तिची कुवत त्या तीन वर्षांत वाढली नव्हती. ती मोजणाऱ्याची सोय बदलली होती.

ती पुढे साधारण नऊ महिने कारभारावर होती. ओरछाचा दिवाण नथे खान फौज घेऊन चालून आला तेव्हा तिने त्याला परतवलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या काळात झाशीत होते. तिचा व्यायाम, पूजा, कचेरीत बसून निवाडे करणं, कागद स्वतः ऐकून हुकूम देणं, हे त्यांनी जवळून पाहिलं. थंडीत शहरातल्या गरिबांना गोळा करून तिने टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटल्याचं ते सांगतात. तिला रोज उत्तरं मिळत होती, फिर्यादीकडून, गोलंदाजाकडून, थंडीने काकडणाऱ्याकडून. दरबारी अदब आड येत असेलही, पण ती लोकांत उतरत होती.

इथे माझे प्रतिपक्षी म्हणतील, पण ती हरली. मार्च १८५८मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजने वेढा घातला, १ एप्रिलला मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा बेतवेच्या काठी पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले, वाड्यापर्यंतच्या गल्ल्यांतून घराघरासाठी लढाई झाली, आणि राणीला रात्री किल्ला सोडून काल्पीकडे जावं लागलं. हा फाजील आत्मविश्वासच नव्हता का?

या प्रश्नातच खरी मेख आहे. तात्यांबरोबर वीस हजारांच्या आसपास माणसं होती. रोजने वेढा न उठवता, तोफांचा मारा चालू ठेवून, दीडेक हजार माणसांनिशी त्यांना गाठलं. त्या पहाटे कागदावर हिशोब मांडला असता तर फाजील आत्मविश्वास कुणाचा ठरला असता? रोजचा. तो जिंकला, म्हणून पुस्तकांत त्याला धाडस म्हणतात. निकाल लागल्यावर मागे वळून जिंकलेल्याच्या खातरीला आत्मविश्वास आणि हरलेल्याच्या खातरीला घमेंड ठरवणं, यात स्वतःच्या कुवतीच्या अंदाजाचं मोजमाप कुठेच होत नाही. आणि रोजचा स्वतःचा अभिप्राय काय होता? बंडवाल्यांच्या सेनानींत ती सर्वांत शूर आणि सर्वांत समर्थ होती, असं त्याने लिहून ठेवलं. रणात समोर उभं राहिल्यावर त्याला जे दिसलं ते माल्कम यांनी साडेचार वर्षं आधी पत्रात लिहिलं होतं.

झाशीची गोष्ट राणीची होती म्हणून आपल्याला ठाऊक आहे. हीच गोष्ट हजारो बायकांच्या बाबतीत अजून चालू आहे, आणि तिथे आत्मविश्वास फुगत नाही, दाबला जातो. हे सांगणारा पुरावा खुद्द डनिंग यांचाच आहे. २००३ साली जॉइस एर्लिंगर यांच्याबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांची विज्ञानाची चाचणी घेतली. मुलींना आणि मुलांना मिळालेले गुण जवळजवळ सारखे होते. मुलींनी मात्र आपली कामगिरी कमी धरली, कारण विज्ञान आपल्याला कमी येतं हे त्यांनी चाचणीच्या आधीपासूनच मानलेलं होतं. मग त्यांना विज्ञानाच्या एका स्पर्धेत भाग घ्याल का असं विचारलं; ७१ टक्के मुलं तयार झाली, मुली फक्त ४९ टक्के. हा अभ्यास कुणी शिबिरात सांगत नाही. त्यात टोमणा मारायला जागा नाही म्हणून असावं.

दुसऱ्याने तुझी कुवत काय ठरवली, त्यातून तुझा स्वतःबद्दलचा अंदाज घडतो. आणि दुसऱ्याचा अंदाज किती खोटा असू शकतो हे बंगालच्या खेड्यांत दिसलं. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांचा हा अभ्यास २००९चा. गावकऱ्यांना सरपंचाचं एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. शब्द तेच. ज्या गावांत सरपंचपद बाईसाठी कधीच राखीव झालं नव्हतं, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या सरपंचाला कमी समर्थ ठरवलं. जिथे आरक्षणामुळे बाईचा कारभार लोकांनी पाहिला होता, तिथे हा फरक जवळपास नाहीसा झाला. डोळ्यांसमोर काम झालं आणि मोजमाप सुधारलं.

महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. ग्रामसभेत पहिल्यांदा उभी राहून बोलणाऱ्या बाईला 'हिला काय कळतं, आणि काय तो आत्मविश्वास' म्हणणारे आता त्याच वाक्याला अमेरिकी संशोधनाचं प्रमाणपत्र जोडू शकतात. आश्रमशाळेतून शहरातल्या महाविद्यालयात आलेल्या मुलाने वर्गात हात वर केला, की मागच्या बाकावर तो आलेख आठवतो. तो हात खाली गेला की उत्तर मिळण्याची त्याची वाट तिथेच बंद होते. चुकीचं बोलायची संधी नाकारलेल्या माणसाला आपली चूक कधी कळणार?

आपल्या परंपरेत याचं जास्त प्रामाणिक भान होतं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थांनी मूर्खाची लक्षणं सांगितली. त्यांत स्वतःची स्तुती स्वतः करणाराही येतो. पण ते तिथे थांबले नाहीत. त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाला दिला. जो बहुश्रुत आहे, ज्ञान सांगतो, आणि तरी आपल्याच ज्ञानाच्या बळावर दुसऱ्यांना कमी लेखतो, त्याला त्यांनी वेगळं काढून समोर उभं केलं. 'मूर्खपणाचं शिखर' दाखवणाऱ्या आलेखात या माणसाला जागाच नाही. उजवीकडे जाईल तसा माणूस शहाणा आणि नम्र होत जातो, असं तो गृहीत धरतो. डॉक्टरांच्या त्या २० तुलना आणि स्कीनची पत्रं पाहिल्यावर हे गृहीत टिकत नाही.

बढाईखोर माणसं नसतात असं मी म्हणत नाही. आहेत, भरपूर आहेत, आणि त्यांच्यामुळे पूल कोसळतात, रोगी दगावतात, पेरण्या वाया जातात. ती सगळ्या पायऱ्यांवर आहेत. त्यांच्यावरचा उपाय १९९९च्या निबंधातच सांगितला आहे: शिकवा, आणि शिकवल्यावर त्यांची स्वतःची उत्तरपत्रिका त्यांच्या हातात द्या. विद्यार्थ्याला गुणांबरोबर चूक कुठे झाली ते दिसलं पाहिजे. डॉक्टरला सोडून गेलेल्या रोग्याचं पुढे काय झालं ते कळलं पाहिजे. अधिकाऱ्यासमोर कनिष्ठाला बिनधास्त 'साहेब, हे चुकतंय' म्हणता आलं पाहिजे. यातलं एकही काम टोमण्याने होत नाही, आणि त्या आलेखाने तर नाहीच.

विष्णुभट गोडशांचं उदाहरण मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं. घरची गरिबी आणि कर्ज म्हणून हा भिक्षुक माणूस दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७च्या वणव्यात सापडला. झाशी पडल्यावरची लूट आणि कत्तल त्याने शहरात जीव मुठीत धरून काढली. तो लेखक नव्हता, इतिहासकार नव्हता. पोथी आणि पूजा एवढंच त्याचं शिक्षण. आपण जे पाहिलं ते लिहिण्याची आपली पात्रता आहे असा दावा त्याने कधी केला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला म्हणून त्याने लिहिलं. वैद्यांनी ते १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केलं, आणि त्यासाठी आपण त्यांचे ऋणी आहोत. पण छापताना त्यांनी मजकुरात बदल केले, भटजींचं लिहिणं आपल्या पद्धतीने सावरून घेतलं. एका विद्वानाला एका भिक्षुकाच्या गद्यात दुरुस्तीची गरज दिसली. १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम ते पुन्हा छापलं. १८५७च्या झाशीत काय घडलं हे शोधणारा अभ्यासक आज भटजींचे शब्द पाहायला ती प्रत उघडतो. वैद्यांच्या दुरुस्त्या तो बाजूला ठेवतो.